घास उतरल्यानंतर

अकॅलेशिया कार्डिया झालेला माणूस दवाखान्याआधी पंगतीत ओळखू येतो. भाकरीचा तुकडा तोंडात गेला की पाण्याचा तांब्या जवळ ओढायचा, दोन घासांच्या मध्ये पाठ ताठ करायची, खांदे मागे घ्यायचे आणि मोठा घोट पिऊन छातीत बसलेला घास खाली ढकलायचा, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. शेजारची पाने उचलली जातात तेव्हा त्याचे अर्धे पान तसेच असते. आग्रह करणाऱ्यांना काय सांगायचे ते कळत नाही, म्हणून तो लग्नकार्याला जाणे टाळू लागतो. मग ऑफिसातला डबा एकट्याने खाणे सुरू होते, प्रवासात उपाशी राहणे सुरू होते. रात्री आडवे झाले की दुपारचे अन्न घशाशी येते, ठसका लागून जाग येते आणि दोन-तीन उशा पाठीशी घेऊन बसल्या बसल्या झोपायची सवय लागते. वजन उतरत जाते. घरच्यांच्या मनात कॅन्सरची भीती असते आणि हातात पित्ताच्या गोळ्या. निदान होईपर्यंत एक-दोन वर्षे, कधी त्याहून अधिक काळ निघून जातो.

हा आजार दुर्मीळ आहे. दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण एकाला तो होतो. अन्ननलिकेच्या भिंतीतल्या, स्नायूंना सैल होण्याचा हुकूम देणाऱ्या चेतापेशी नष्ट होतात. अन्न खाली सरकवणाऱ्या लाटा थांबतात आणि जठराच्या तोंडाशी असलेली झडप गिळतानाही उघडत नाही. दक्षिण अमेरिकेत एका किड्यामार्फत पसरणाऱ्या शागास रोगामुळे असेच नुकसान होते, तिथे कारण हाती लागते. बाकी जगात बहुतेकांच्या बाबतीत नेमके कारण सापडत नाही. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या पेशींवर उलटत असावी, असा सध्याचा अंदाज आहे. मेलेल्या पेशी परत आणणारे औषध नाही. त्यामुळे आजवरच्या सगळ्या उपचारांचा रोख एकाच गोष्टीवर राहिला आहे: ती घट्ट झडप कशी तरी सैल करायची.

१६७४ मध्ये थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने आपल्या रुग्णासाठी देवमाशाच्या हाडाची काडी बनवली, तिच्या टोकाला स्पंज बांधला आणि जेवणानंतर त्या काडीने अन्न जठरात ढकलायला शिकवले. १९१३ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट हेलर यांनी झडपेचा स्नायू शस्त्रक्रियेने कापला. तीच शस्त्रक्रिया पुढे पोटावर छोटी छिद्रे पाडून होऊ लागली. तिच्या जोडीला झडपेत फुगा फुगवून स्नायू ताणण्याची पद्धत रुळली. १९९० च्या दशकात पंकज पसरिचा या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी झडपेत बोटुलिनम विषाचे इंजेक्शन देण्याचा मार्ग दाखवला. त्याने आराम पडतो, पण बहुतेकांना वर्षभरात पुन्हा त्रास सुरू होतो. याच पसरिचांच्या गटाने २००७ मध्ये डुकरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. तोंडावाटे दुर्बीण घालून, अन्ननलिकेच्या अस्तराखाली बोगदा करून, आतूनच स्नायू कापता येतो, असे त्यांनी दाखवले. ८ सप्टेंबर २००८ रोजी योकोहामा इथे हारुहिरो इनोउए यांनी ही पद्धत प्रथमच माणसावर वापरली आणि २०१० मध्ये १७ रुग्णांचा अनुभव छापला. पर-ओरल एंडोस्कोपिक मायोटॉमी हे तिचे लांबलचक नाव. जगभरचे डॉक्टर तिला पोएम म्हणतात.

पोएममध्ये नेमके काय होते ते रुग्णाला नीट सांगितले जात नाही, म्हणून थोडे सविस्तर. रुग्णाला पूर्ण भूल दिली जाते. अन्ननलिकेत साठलेले जुने अन्न आधी धुऊन काढावे लागते. मग झडपेच्या बऱ्याच वर अस्तराखाली निळसर रंगाचे द्रावण टोचून तिथे फुगवटा आणतात आणि साधारण दोन सेंटिमीटरची चीर देतात. दुर्बीण त्या चिरेतून अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये शिरते आणि विद्युत-सुरीने वाट मोकळी करत जठरापर्यंत जाते. साधी हवा शरीरात अडकून राहू शकते, म्हणून फुगवण्यासाठी लवकर शोषला जाणारा कार्बन डायऑक्साइड वापरतात. बोगदा तयार झाल्यावर आतल्या गोलाकार स्नायूचे तंतू एकेक करून कापले जातात, झडपेच्या वर काही सेंटिमीटर आणि जठराच्या बाजूला दोन-तीन. शेवटी वरची चीर धातूच्या छोट्या चिमट्यांनी बंद होते. हे चिमटे पुढे आपोआप गळून पडतात. बाहेरून अंगावर एक टाकाही नसतो. दुसऱ्या दिवशी एक्स-रेखाली द्रव पाजून गळती नाही ना ते पाहतात आणि मग पातळ आहार सुरू होतो.

आता मुख्य प्रश्न. यानंतर जगणे किती सुधारते?

गिळण्यापुरते बोलायचे तर उत्तर भक्कम आहे. इनोउए यांच्या ५०० रुग्णांच्या २०१५ मधल्या अहवालात लक्षणांचा गुणांक सहावरून एकवर उतरला होता, आणि तीन वर्षांनीही जवळजवळ ८८ टक्के रुग्ण समाधानकारक स्थितीत होते. हे एकाच निष्णात केंद्राचे आकडे आहेत. तुलनेसाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले अभ्यास पाहावे लागतात. २०१९ मध्ये असे दोन महत्त्वाचे अभ्यास आले. पहिल्यात १३३ रुग्णांपैकी निम्म्यांना पोएम आणि निम्म्यांना फुग्याचा उपचार मिळाला. दोन वर्षांनी पोएमचे यश ९२ टक्के, फुग्याचे ५४ टक्के. पाच वर्षांनंतरच्या पाहणीत हेच आकडे ८१ आणि ४० झाले. फुग्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. २०११ च्या युरोपीय अभ्यासात गरजेप्रमाणे पुन्हा पुन्हा फुगा फुगवायची मुभा होती आणि तेव्हा फुग्याचे दोन वर्षांचे यश ८६ टक्के होते, हेलर शस्त्रक्रियेचे ९०. म्हणजे फुगा निकामी नाही. तो एकदाच करून भागत नाही. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा दवाखान्यात यायला तयार असलेल्या किंवा लांब भूल न झेपणाऱ्या माणसासाठी तो आजही सरळ आणि स्वस्त मार्ग आहे.

दुसरा अभ्यास युरोपात २२१ रुग्णांवर झाला. एका गटाला पोएम, दुसऱ्याला छिद्रांची हेलर शस्त्रक्रिया आणि सोबत आम्ल वर येऊ नये म्हणून जठराचा पदर अन्ननलिकेवर शिवण्याची क्रिया. दोन वर्षांनी यश ८३ आणि ८१.७ टक्के, म्हणजे बरोबरीच. गंभीर गुंतागुंत पोएममध्ये २.७ टक्के, शस्त्रक्रियेत ७.३ टक्के. या अभ्यासात पचनसंस्थेशी निगडित जीवनमान मोजणारी ३६ प्रश्नांची प्रश्नावलीही रुग्णांकडून भरून घेतली होती. दोन्ही गटांचे जीवनमान सुधारले, आणि दोहोंत मोजण्याजोगा फरक पडला नाही. पोएमची जाहिरात करताना 'अंगावर व्रण नाही' ही गोष्ट मोठ्या अक्षरांत येते. व्रण नसल्याचा आनंद पहिल्या महिन्यात खरा असतो. दोन वर्षांनी माणूस कसा जगतो, हे त्यावर ठरत नाही.

मग 'यश' म्हणजे काय धरले जाते? इथे थांबून बारकाईने पाहायला हवे, कारण रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातल्या बऱ्याच गैरसमजाचे मूळ इथेच आहे. जवळजवळ सगळे अभ्यास एकार्ट गुणांक वापरतात. त्यात चारच गोष्टी विचारतात: गिळायला अडचण, अन्न उलटून येणे, छातीत दुखणे आणि वजन घटणे. पहिल्या तिन्हींना कधीतरी होत असेल तर एक, रोज होत असेल तर दोन, प्रत्येक जेवणात होत असेल तर तीन गुण. वजन पाच किलोपेक्षा कमी घटले तर एक, पाच ते दहा किलो घटले तर दोन, दहापेक्षा जास्त घटले तर तीन. बेरीज जास्तीत जास्त बारा, आणि उपचारानंतर ती तीन किंवा कमी आली की उपचार यशस्वी. आता असा माणूस समोर आणा ज्याचा घास रोज अडकतो, म्हणजे दोन गुण, आणि ज्याच्या छातीत अधूनमधून कळ येते, म्हणजे एक. बेरीज तीन. कागदावर तो बरा झालेला आहे.

उलट बाजूनेही हा गुणांक चकवतो. ज्याने भाकरी, चपाती, सुका भात, मटण सगळे सोडून दिले आणि जो वर्षभर पेज, आमटी आणि कुस्करलेल्या भातावर राहिला, त्याला गिळायला त्रास होतो का विचारले तर तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो. त्याचा त्रास त्याने ताटातूनच काढून टाकलेला असतो. चारचौघांत जेवायला संकोच वाटतो का, रात्री झोप लागते का, पाण्याची बाटली विसरली तर घाबरायला होते का, यातले एकार्ट गुणांकात काहीच नाही. टोरांटोतल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये खास या आजारासाठी दहा प्रश्नांची प्रश्नावली तयार केली, ती खाण्यावरची बंधने, दुखणे आणि रोजच्या आयुष्यातली अडचण विचारते, म्हणून ती अधिक न्याय करते. पण ओपीडीच्या गर्दीत एकार्टचे चार प्रश्न विचारणेही कठीण जाते. निदान 'भाकरी खाता का, आणि किती वेळात?' एवढा एक प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक पाठपुराव्यात विचारला जावा. त्याचे उत्तर गुणांकापेक्षा जास्त सांगून जाते.

पोएमनंतर रुग्णाचे आयुष्य बदलते ते आधी झोपेत. अन्न वर येणे थांबते, रात्रीचा खोकला जातो, फुप्फुसात अन्न जाऊन होणारा न्यूमोनिया टळतो. मग वजन चढू लागते. गिळणे लगेच सुधारते, पण खाण्याची भीती लगेच जात नाही. वर्षानुवर्षे प्रत्येक घासाला सावध राहिलेला माणूस घास खाली उतरत असूनही पाण्याचा पेला सोडत नाही. घरच्यांनी हे समजून घ्यावे, घाई करू नये. पहिले काही दिवस पातळ, मग दोनेक आठवडे मऊ भात, वरण, मुगाची खिचडी, दुधात भिजवलेली पोळी असा क्रम साधारण पाळतात.

पण या उपचाराने अन्ननलिकेतल्या लाटा सहसा परत येत नाहीत, हे रुग्णाला उपचाराआधीच सांगितले पाहिजे. झडप उघडी झाली तरी अन्न खाली जाते ते मुख्यतः स्वतःच्या वजनाने. म्हणून सरळ बसून जेवणे, नीट चावणे, सोबत पाणी घेणे, जेवल्यावर दोन-तीन तास आडवे न होणे, ही पथ्ये आयुष्यभराची आहेत. ज्वारीची कडक भाकरी, सुके पोहे, ताजा मऊ पाव घशाखाली जायला नेहमीच वेळ लागेल. निरोगी माणसासारखे गिळणे परत मिळेल, असे आश्वासन ज्याला मिळालेले असते तो पोएम यशस्वी होऊनही निराश होतो. ज्याला आधी खरे सांगितले जाते तो त्याच निकालावर समाधानी असतो.

छातीतले दुखणे हा सगळ्यात चिवट त्रास. या आजाराचे मॅनोमेट्रीवर तीन प्रकार दिसतात. मॅनोमेट्रीत नाकातून बारीक नळी सोडून, पाण्याचे दहा घोट पाजून अन्ननलिकेतला दाब मोजतात. दुसऱ्या प्रकाराचे रुग्ण कुठल्याही उपचाराने चांगले सुधारतात. तिसऱ्या प्रकारात अन्ननलिकेचा खालचा भाग पेटके आल्यासारखा आवळतो. अशा रुग्णांसाठी पोएम सरस मानली जाते, कारण पोटातून छातीत हात पोहोचवण्याची मर्यादा इथे नाही. जिथपर्यंत आवळते तिथपर्यंत स्नायू कापता येतो. तरीही काहींचे दुखणे उरतेच, आणि ते झडपेशी निगडित आहे की आम्लाशी, हे पुन्हा तपासावे लागते.

आता आम्लाबद्दल. ही पोएमची खरी किंमत आहे. झडप सैल केली की खाली जायचा रस्ता मोकळा होतो, तसा वर यायचाही. छिद्रांच्या शस्त्रक्रियेत जठराचा पदर शिवून हा धोका कमी करतात. साध्या पोएममध्ये तशी सोय नाही. वर सांगितलेल्या २२१ रुग्णांच्या अभ्यासात तीन महिन्यांनी दुर्बिणीने पाहिले तेव्हा पोएमच्या गटात ५७ टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेला आम्लाने सूज आलेली होती, शस्त्रक्रियेच्या गटात २० टक्के. दोन वर्षांनी ४४ आणि २९. फुग्याशी तुलना केलेल्या अभ्यासात दोन वर्षांनी ४१ टक्के आणि ७ टक्के. यातली बहुतेक सूज सौम्य असते आणि गोळ्यांनी ती आटोक्यात राहते. म्हणून तिला घाबरून पोएम टाळावी असे नाही. पण तिच्याकडे डोळेझाकही करता येत नाही, कारण ती बोलत नाही.

अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये केलेल्या विश्लेषणात पोएमनंतर छातीत जळजळ होत असल्याचे सांगणारे १९ टक्के निघाले. नाकातून बारीक तार ठेवून चोवीस तास आम्ल मोजल्यावर मात्र ३९ टक्क्यांत ते प्रमाणाबाहेर होते. म्हणजे आम्ल वर येणाऱ्यांपैकी निदान निम्म्या जणांना त्याची जाणीवच नसते. 'मला काही होत नाही' म्हणून वर्षभरात गोळी बंद करणारा रुग्ण याच निम्म्यात असू शकतो. उलटही होते. उपचाराआधी अन्ननलिकेत अन्न आंबून जळजळ होते, तिला पित्त समजून वर्षानुवर्षे गोळ्या दिल्या जातात आणि खरे निदान लांबते. या आजारात जळजळीवर विसंबून काहीच ठरवू नये.

आम्लाच्या या प्रश्नावर चाललेल्या कामात महाराष्ट्राचा वाटा आहे. इनोउए यांनी पोएमच्याच बोगद्यातून दुर्बीण पोटाच्या पोकळीत नेऊन जठराची पुढची भिंत वर ओढून तिथेच बांधायची युक्ती मांडली. पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात अमोल बापये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती भारतीय रुग्णांवर करून पाहिली आणि २०२१ मध्ये सुरुवातीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आरंभ आशादायक आहे. मात्र तंत्र अवघड आहे, मोजक्याच हातांना साधलेले आहे, आणि बांधलेला पदर वर्षानुवर्षे टिकतो का हे पाहायला वेळ जावा लागेल. पोएमपुरते पाहिले तर भारतातला अनुभव जगातल्या मोठ्या अनुभवांपैकी एक आहे. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीने २०१७ मध्येच ४०८ रुग्णांचा अहवाल छापला होता. तंत्र आपल्याकडे आहे. ते मोठ्या शहरांतल्या थोड्या केंद्रांत आहे, हा प्रश्न उरतो. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णाला पोएमसाठी एकदा शहरात येणे कसेबसे जमते, त्यानंतर दरवर्षी येणे जमत नाही.

आणि नेमके तेच जमायला हवे. लक्षणे गेली म्हणजे अन्ननलिका रिकामी होते असेही नाही. रुग्णाला उभे करून बेरियमचे पांढरे पाणी पाजतात आणि एक, दोन व पाच मिनिटांनी एक्स-रे काढून बेरियमचा स्तंभ किती उंच उरला ते सेंटिमीटरमध्ये मोजतात. ही तपासणी साधी आहे आणि एक्स-रेची चांगली सोय असलेल्या ठिकाणी करता येते. फुग्याच्या उपचारानंतर 'आता त्रास नाही' म्हणणाऱ्यांची ती १९९९ मध्ये केली, तेव्हा जवळजवळ एकतृतीयांश रुग्णांत बेरियम नीट उतरलेलेच नव्हते. पुढे पुन्हा त्रास होण्याची शक्यता अशांनाच जास्त असते. पोएमनंतरही हीच सावधगिरी लागू पडते. अन्न साठत राहिले तर अन्ननलिका फुगत जाते आणि एकदा फार फुगून वाकडी झाली की तिला परत सरळ करणे कुठल्याच उपचाराला नीट जमत नाही. दीर्घकाळ अकॅलेशिया असलेल्यांना अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त असतो, हेही पाठपुरावा न सोडण्याचे कारण आहे.

पहिल्या उपचाराने भागले नाही तर दुसरा करता येतो, हा मोठा दिलासा. हेलर शस्त्रक्रिया फसलेल्यांवर पोएम होते, कारण बोगदा दुसऱ्या बाजूने काढता येतो. पोएम कमी पडली तर फुगा वापरता येतो. लहान मुलांवरही पोएम होते, आणि त्यांच्यात फायदा वजनासोबत उंचीच्या वाढीतही दिसतो.

एकंदर हिशेब पोएमच्या बाजूने आहे. घास उतरतो, झोप लागते, वजन येते, माणूस पुन्हा पंगतीत बसतो. मात्र उपचार पोएमच्या दिवशीच संपत नाही. ज्यांना घास अडकण्याचा त्रास महिनोन्‌महिने आहे आणि साध्या दुर्बिणीत काही सापडले नाही, त्यांनी मॅनोमेट्री कुठे होते ते डॉक्टरांना विचारावे. सुरुवातीच्या काळात साधी दुर्बीण निर्दोष दिसू शकते. ज्यांची पोएम झाली आहे त्यांनी काही त्रास नसला तरी पहिल्या वर्षात एकदा दुर्बीण आणि एकदा बेरियमची तपासणी करून घ्यावी, आणि आम्लाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.